घरच्या घरी पगचं ग्रूमिंग: पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

पग घेताना सगळ्यांना एकच सांगितलं जातं, बारीक केस आहेत, काही करावं लागत नाही, आठवड्यातनं एकदा ओल्या फडक्यानं पुसा की झालं. विकणाऱ्याचं काय जातं हो. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या (नंतरच्या व्होडाफोनच्या) जाहिरातीत तो पोराच्या मागेमागे फिरणारा पग आला आणि तेव्हापासून लोकांना हा कुत्रा पाठ झालाय, अजूनही आमच्या लिफ्टमध्ये कुणी ना कुणी "अरे हा तर व्होडाफोनचा कुत्रा" म्हणतंच. पण त्याच्या नाकावरच्या घडीत काय चालू असतं ते जाहिरातीत दाखवत नाहीत, ते घरी आणल्यावर दोन-तीन आठवड्यांनी वासानं कळतं.

तर हे ज्यांच्याकडे पहिल्यांदाच पग आलाय त्यांच्यासाठी. फ्रेंच बुलडॉग किंवा इंग्लिश बुलडॉग असेल तरी बरंचसं हेच लागू होतं, शार पे असेल तर घड्या अंगभर म्हणून वेळ जास्त लागतो एवढंच. आणि एक गोष्ट आधीच सांगते, या कुत्र्यांच्या ग्रूमिंगमध्ये धुणं कमी आणि सुकवणं जास्त असतं. लोक नेमकं उलटं करतात, वास आला की धुतात, धुतलं की घडी ओली राहते, ओली राहिली की परत वास येतो, मग आणखी धुतात आणि शेवटी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे जातात.

आधी सामान

फार काही लागत नाही, आणि पेट शॉपमध्ये शिरण्याआधी केमिस्टकडे जा. तिथनं गॉजचं, म्हणजे जखमेवर लावतात त्या जाळीदार कापडाचं पाकीट घ्या आणि नॉर्मल सलाईन घ्या, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळाल्या तर त्याच घ्या, कारण मोठी बाटली उघडली की ती निर्जंतुक राहत नाही आणि आपण ती टाकून द्यायला जिवावर येतं म्हणून महिनाभर फ्रिजच्या दारात ठेवतो. कापूस नको, त्याचे तंतू घडीत अडकून राहतात. घरातला जुना सुती पंचा असेल तर त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करून धुऊन ठेवा, नवीन कोऱ्या टॉवेलपेक्षा तो पाणी कितीतरी चांगलं टिपतो.

पेट शॉपमधनं रबरी दातांचा ब्रश, नखं कापायचा क्लिपर, रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर, कान साफ करायचं लिक्विड आणि कुत्र्यांचा साधा शॅम्पू. बाथरूममध्ये टाकायला रबरी मॅट लागेल, ती पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत बघा, "पेट" असं छापलेल्या वस्तूला उगाच जास्त पैसे का द्यायचे.

काय घेऊ नका ते जास्त महत्त्वाचं आहे. माणसांचा शॅम्पू नको, लहान मुलांचासुद्धा नको, आपल्या त्वचेचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास असतो आणि कुत्र्याचा सातच्या जवळ, त्यामुळे आपल्याला जे सौम्य ते त्याला सौम्य असेलच असं नाही. सुगंधी बेबी वाइप्स नकोत. कुत्र्यांचे परफ्यूम मिळतात, ते तर मुळीच नकोत, कारण वास हीच पगची तब्येत कळायची पहिली खूण आहे आणि ती झाकून आपलंच नुकसान होतं.

हात लावायची सवय

पिल्लू असेल तर पहिले काही दिवस साफ काहीच करू नका. रोज दोन मिनिटं फक्त हात लावायचा, नाकावरची घडी उघडून बघायची, पंजा हातात धरायचा, एकेक बोट दाबून सोडायचं, कानाची पाळी उलटी करायची, शेपटी सरळ करायचा प्रयत्न करायचा, आणि प्रत्येक वेळी खाऊ. उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा पुरतो. जाड पग असेल तर गाजर किंवा काकडी द्या, त्याला काय, काहीही चालतं.

टेबलवर उभं करू नका, पग उडी मारतो आणि त्याला आपण किती उंचावर आहोत याचा अंदाज नसतो. खाली लादीवर बसा, पाय पसरा, आणि त्याला दोन पायांच्या मध्ये तुमच्याकडे पाठ करून बसवा. एक हात छातीखाली. मानेला धरून दाबायचं नाही, कॉलर ओढायची नाही, यामागे दोन कारणं. एक म्हणजे चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना श्वास घ्यायलाच आधी कष्ट पडतात. दुसरं म्हणजे पगच्या डोळ्यांच्या खोबण्या इतक्या उथळ असतात की मानेवर जोराचा दाब आला तर डोळा अक्षरशः बाहेर येऊ शकतो. घाबरवायला सांगत नाहीये, पण माहीत असलेलं बरं. असं कधी झालंच तर डोळा आत ढकलायचा प्रयत्न नको, सलाईननं ओलं केलेलं गॉज वर धरायचं आणि तडक व्हेटकडे. फिरवायलासुद्धा कॉलर नको, हार्नेस घ्या.

मध्येच तो नाकातनं "खॉक खॉक" असा विचित्र आवाज काढत मान ताठ करून उभा राहील, नवीन माणसाला वाटतं आता हा गेला. बहुतेक वेळा ती उलटी शिंक असते, पगना खूप येते, अर्ध्याएक मिनिटात आपोआप थांबते. हळूच गळ्यावरनं हात फिरवा, थांबा, मग पुढचं काम. पण जोरात धापा टाकायला लागला तर ग्रूमिंग तिथंच बंद करून पंख्याखाली घ्यायचं. तरी धाप कमी झाली नाही, जीभ जांभळट दिसली किंवा पाय लटपटले तर अंगावर साधं पाणी टाकत व्हेटकडे निघायचं, फोनवर विचारत बसायचं नाही.

घड्या, म्हणजे खरं काम

पगच्या तोंडावर बऱ्याच घड्या असतात पण त्रास देते ती मुख्यतः नाकाच्या वरची आडवी जाड घडी, डोळ्यांच्या बरोबर खाली येते ती. डोळ्यातलं पाणी सरळ त्यात उतरतं. खाताना पाणी पिताना तोंड भांड्यात बुडतं, त्याचं उरलंसुरलं पण तिथंच. आत हवा नाही, त्वचेला त्वचा घासते, ओल आणि ऊब दोन्ही आहे, मग त्वचेवर एरवी गपगुमान राहणारं मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट आणि बॅक्टेरिया वाढायला लागतात. आधी आंबूस कुबट वास, मग तपकिरी चिकट थर, मग लाल त्वचा, मग कुत्रा सोफ्याला तोंड घासत फिरतो आणि आपल्याला वाटतं किती क्यूट.

करायचं कसं. कुत्र्याला वर सांगितलं तसं बसवलं की डाव्या हाताच्या अंगठ्यानं घडी हळूच वर उचला, डोळ्याकडे ताण जाणार नाही इतपतच. आधी बघा आणि वास घ्या, हो, नाक जवळ नेऊन वास घ्या, पहिल्या आठवड्यात लाज वाटते मग सवय होते. उजव्या हाताच्या तर्जनीला गॉज गुंडाळा, सलाईननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं ओलं करा आणि पिळून घ्या, टपकायला नको. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा. परत त्याच गॉजनं मागे यायचं नाही. दुसऱ्या बाजूला नवीन तुकडा. घासायचं नाही, चिकटलेलं काही निघत नसेल तर ओलं गॉज अर्धा मिनिट तिथं धरून ठेवा, सुटतं.

आता सुकवणं. इथं सगळे घाई करतात, वरवर फडकं फिरवतात आणि सोडून देतात. कोरड्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळून घडीच्या अगदी तळापर्यंत न्यायचं, दाबायचं, टिपायचं, बाहेर काढायचं. मग कोरडी बाजू फिरवून परत एकदा. मग घडी तशीच उघडी धरून दहा-पंधरा सेकंद पंख्याची हवा लागू द्यायची. शेवटी स्वतःचं बोट आत फिरवून बघा, ओलसर लागलं तर परत. पुसायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट सुकवायला लागला तर तुमचं बरोबर चाललंय असं समजा.

किती वेळा करायचं? थंडीत आणि कोरड्या उन्हाळ्यात एक दिवसाआड चालून जातं, जून ते सप्टेंबर रोज. पुण्यात पाऊस मुंबईसारखा कोसळत नसेल पण ती जी दिवसभराची भुरभुर असते, ज्यात गॅलरीतली चादर तीन-तीन दिवस दमट राहते, तीच या घड्यांना सगळ्यात वाईट. फिरून आल्यावर पाय पुसता ना, तसं तोंडही टिपायचं. जेवणानंतर एकदा कोरडं फडकं फिरवलं तर आणखी छान.

भुवयांमधली, गालावरची, हनुवटीखालची घडी, सगळ्यांना हीच पद्धत, तिथं जीव थोडा मोकळा कारण डोळा लांब आहे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स मिळतात दोन-तीन-चार टक्क्यांचे, यीस्ट आणि बॅक्टेरिया दोन्हींवर चांगले, पण ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, म्हणून नाकावरच्या घडीत ते स्वतःच्या मनानं वापरू नका. शेपटीखाली, पंजात वापरा, तोंडाला व्हेटनं सांगितलं तर आणि सांगितलं तसंच.

आता घरगुती उपाय. हा विषय काढावाच लागतो कारण पुण्यात कुत्रा तुमचा असला तरी सल्ला अख्ख्या सोसायटीचा असतो. खोबरेल तेल घडीत लावू नका, तेल वर बसतं आणि ओल आत कोंडते. टाल्कम पावडर, घामोळ्याची पावडर नको, ओल लागली की तिचा चिखल होतो, शिवाय पग ती नाकातनं ओढतो. हळदीचा लेप नको, आत सुकून खडा होतो आणि फिक्या रंगाचा पग तर हळदीच्या कार्यक्रमातनं उठून आल्यासारखा पुढचे आठ दिवस फिरतो. जखमेवरची आपली अँटिसेप्टिक लिक्विडं पाण्यात टाकून पुसणं तर अजिबातच नको, ती चरचरतात आणि तो चाटतो. आणि टी ट्री ऑइल, ऑनलाइन कुठंही "नॅचरल" म्हणून दिसतं, कुत्र्यांना विषारी आहे.

एवढं करूनही घडीत लाली आहे, केस गेलेत, रक्त किंवा पू दिसतोय, हात लावला की कुत्रा दचकतो, तर ते साफसफाईचं काम राहिलं नाही, उपचाराचं झालं. काही पगना घडी इतकी खोल असते की कितीही केलं तरी पुन्हापुन्हा चिघळतं, त्यांच्यासाठी घडी कमी करायचं ऑपरेशन असतं. त्याआधी वजन बघा. पगचं वजन साधारण सव्वासहा ते आठ किलो असायला पाहिजे आणि आपल्याकडे बारा किलोचे पग "गुबगुबीत" म्हणून कौतुकानं फिरवले जातात. चरबीनं घड्या आणखी दबतात. पोळीचा तुकडा, शेव, बिस्किट, हे बंद केलं तरी तोंडाच्या घड्यांमध्ये फरक दिसतो.

डोळे

घडी साफ करताना डोळे बघायचेच. सकाळी कोपऱ्यात थोडं चिपड असतं ते सलाईनच्या गॉजनं पुसा, तेवढं नॉर्मल. एक डोळा अर्धवट मिटलेला, पाणी वाहतंय, बुबुळावर निळसर पांढरा ठिपका, पंजानं डोळा चोळतोय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्हेट, उद्या नाही. बाहेर आलेल्या डोळ्यांना ओरखडा पटकन बसतो आणि बुबुळावरचा अल्सर झपाट्यानं खोल जातो. आणि घरात उरलेले ड्रॉप टाकू नका, त्यात स्टेरॉइड असेल आणि आत अल्सर असेल तर तो वाढतो. आई म्हणते गुलाबपाणी टाक. नाही.

केस

बारीक केसांचा कुत्रा कमी गळतो हा समज पगइतका कुणी खोटा पाडला नसेल. फिक्या रंगाच्या पगला सहसा केसांचे दोन थर असतात, वरचा गुळगुळीत आणि आतला मऊ दाट, आणि तो आतला वर्षभर गळतो, ऋतू बदलला की जास्तच. काळ्या पगना बऱ्याचदा एकच थर असतो म्हणून ते थोडे बरे. आमच्या बुंदीचे, म्हणजे आमच्या पगचे, केस कणकेत, चहात, लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये, सगळीकडे सापडतात.

आठवड्यातनं दोन-तीनदा गॅलरीत नेऊन रबरी ब्रशनं विंचरा. आधी गोल गोल फिरवा म्हणजे सुटे केस वर येतात, मग केसांच्या दिशेनं ओढा. धातूच्या दातांची ती डिशेडिंगची, म्हणजे सुटे केस काढायची, हत्यारं बारीक केसात त्वचेला लागतात, वापरायचीच तर हलक्या हातानं आणि क्वचित. ब्रश करता करता अंगावर गाठ, खपली, टक्कल काही लागतंय का ते बोटांनी चाचपा.

उन्हाळ्यात "समर कट" करून देतो म्हणणारे भेटतील. पगचे केस काढून टाकू नका, त्यानं तो गार होत नाही, उलट कातडी उन्हात उघडी पडते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा त्याला एसी किंवा कूलर आणि सकाळी लवकरचा फेरा हवा.

अंघोळ

तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. दर रविवारी घालू नका, त्वचेचं तेल जातं आणि खाज सुरू होते. पावसात चिखलात लोळला तर फक्त पाय-पोट साध्या पाण्यानं धुवा. गुरुवारी घालायचा बेत करू नका, कारण पुण्यात बऱ्याचदा नेमकं त्या दिवशी पाणी बंद असतं आणि अर्ध्या शॅम्पूत बादली संपली तर काय करणार. उंड्री, वाघोली, बावधनकडे टँकर-बोअरचं पाणी जड असतं, त्यात फेस कमी येतो म्हणून लोक शॅम्पू वाढवतात, त्यापेक्षा शॅम्पू मगभर पाण्यात आधी मिसळून घ्या आणि धुवायला एक बादली जास्त ठेवा.

अंघोळीच्या आधी ब्रश, नंतर नाही, नाहीतर बाथरूमची जाळी केसांनी तुंबते. खाऊन दोन तास तरी झालेले असू देत. मॅट टाका, घसरणारा पग घाबरतो आणि घाबरलेला पग धापा टाकतो. पाणी कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागत नाही इतकंच, गीझरचं कढत पाणी नको. मागच्या पायांपासून मगानं हळूहळू वर या. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही, नाक इतकं आखूड आहे की पाणी थेट आत जातं. तोंड शेवटी ओल्या फडक्यानं.

शॅम्पू मानेपासून शेपटीकडे, बोटांनी चोळून. औषधी शॅम्पू दिला असेल तर बहुतेक दहा मिनिटं अंगावर ठेवायचा असतो, घड्याळ लावा, अंदाजानं दोन मिनिटांतच कंटाळा येतो. मग धुवा, पाणी स्वच्छ आलं असं वाटलं की अजून दोन मग घाला. बगला, जांघा, छातीखाली शॅम्पू राहतो आणि तिथंच नंतर पुरळ येतं. गोचिडीचं मानेवर टाकायचं औषध वापरत असाल तर पाकिटावर वाचा, बऱ्याच औषधांच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ चालत नाही.

मग सुकवणं, परत तेच. पंच्यानं घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं, एक भिजला की दुसरा. हेअर ड्रायर गरम हवेवर नको, गार हवेवर लांबून चालेल, नाहीतर फॅन लावा आणि त्याला सतरंजीवर लोळू द्या. तोवर तो घरभर सुसाट पळेल, सगळेच पळतात. तो शांत झाला की सगळ्या घड्या एकेक करून पुन्हा कोरड्या करा, अंघोळीनंतर ही पायरी विसरली की तिसऱ्या दिवशी वास येतोच. आणि दिवाळीत पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान घालतात काही जण, फोटो छान येतात, पण कुडकुडत्या पहाटे ओला पग आणि घडीत उटणं, कृपा करून नको. ओवाळा आणि सोडून द्या.

शेपटी आणि मागची बाजू

गुंडाळलेल्या शेपटीखाली एक खळगा असतो, बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. शेपटी हळूच उचला आणि आत बघा, तिथंही नाकासारखंच पुसणं-सुकवणं, आठवड्यातनं दोनदा. बुडावर बसून फरशीवर घासत पुढे सरकत असेल तर गुदग्रंथी भरल्या असतील. यूट्यूब बघून दाबू नका, चुकीचं दाबलं तर फुटतात, व्हेटकडनं करून घ्या.

कान

दोन आठवड्यांनी एकदा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे इअरबड घातला की मळ कोपऱ्यात ठासला जातो. लिक्विड कानात सोडा, बुडाशी वीसेक सेकंद चोळा, पचपच आवाज येतो, मग हात काढा आणि तोंड बाजूला घ्या कारण तो डोकं झटकणार. बाहेर आलेला मळ गॉजनं पुसा, बोट जाईल तेवढंच. काळपट घाण, घाण वास, सारखं डोकं हलवणं असेल तर लिक्विड टाकूच नका, आधी तपासणी.

नखं

पगची नखं लवकर वाढतात आणि बहुतेकांची काळी असतात, म्हणजे आतली रक्तवाहिनी दिसत नाही. फरशीवर चालताना टकटक आवाज आला की कापायची वेळ झाली. एका बैठकीत सगळी कापलीच पाहिजेत असं कुणी सांगितलंय, आज एक पंजा, उद्या दुसरा. कांदा चिरताना करतो तितक्याच पातळ चकत्या घ्यायच्या. प्रत्येक कापानंतर नखाचा कापलेला भाग समोरून बघा, आधी कोरडा पांढुरका दिसतो, मधोमध काळा ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबा, रक्तवाहिनी जवळ आली. रक्त आलंच तर स्टिप्टिक पावडर दाबून धरा, नसेल तर कॉर्नफ्लोर, दोन-तीन मिनिटं न उचलता. अंगठ्याचं नख पायाच्या आतल्या बाजूला वर असतं, जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि गोल वळून मांसात घुसतं, ते विसरू नका. क्लिपरला फार घाबरत असेल तर नखं घासायचं बॅटरीचं मशीन मिळतं, त्याच्या आवाजाची सवय करायला वेळ लागतो पण रक्ताची भीती कमी.

दात

बेचाळीस दात आणि जबडा एवढासा, त्यामुळे दात वाकडे, एकमेकांवर चढलेले, मध्ये अन्न अडकतं. रोज जमलं तर उत्तम, आठवड्यातनं तीनदा तरी. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट. आपली पेस्ट नाही, त्यात फ्लोराइड असतं आणि काहींमध्ये झायलिटॉल, जे कुत्र्यांना थोड्या प्रमाणातही घातक आहे. बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ.

गोचिडी

पावसाळ्यात रोज रात्री बोटांच्या मध्ये, कानाच्या मागे, मानेवर, शेपटीच्या खळग्यात बघायचं. पगच्या घड्यांमध्ये गोचीड छान लपते. सापडली तर चिमट्यानं त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, पिळू नका, बोटानं चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. रॉकेल, मेणबत्ती, असले प्रयोग नकोत. खोबरेल तेलात कापूर घालून चोळायचा सल्ला हमखास मिळेल, पण कापूर कुत्र्यांना विषारी आहे आणि तो अंग चाटणारच. गोचिडीतनं एर्लिकिया आणि बबेसियाचे ताप येतात, कुत्रा खाईना, मलूल पडला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रक्त तपासायला न्या. कुठलं औषध, गोळी की मानेवरचे थेंब, ते वजनावर ठरतं, व्हेटला विचारून वर्षभर चालू ठेवा.

ग्रूमरकडे कधी

सगळं घरी जमत नसेल तर नखं आणि अंघोळ बाहेर करा, घड्या मात्र घरीच, कारण महिन्यातनं एकदा केलेल्याचा त्यांना उपयोग नाही. पार्लर निवडताना ते कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून गरम हवेचा ड्रायर लावतात का ते आधी विचारा. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला त्यात उष्माघात होऊ शकतो. "आम्ही बघतो ना मॅडम, तुम्ही दोन तासांनी या" म्हणाले तर तिथंच थांबायची परवानगी मागा, नाही म्हणाले तर दुसरं पार्लर बघा. घरी आणलं की त्याच दिवशी नाकावरची घडी उघडून, बोट घालून, कोरडी आहे का ते तपासा.